तप आणि ताप

शाळेच्या वर्गात उकडते, ही गोष्ट तत्त्वचिंतनाचा विषय होऊ शकेल असे सहसा कोणास वाटत नाही. शिक्षणाचे माध्यम कोणते असावे, अभ्यासक्रम कोणी ठरवावा, धर्मशिक्षण द्यावे की न द्यावे, ह्या प्रश्नांवर आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षे वाद चालले आहेत. परंतु ज्या खोलीत ते शिक्षण प्रत्यक्ष घडावयाचे, तिच्यातील हवा कशी आहे, छतातून किती धग उतरते, मुलाच्या पाठीवरचा सदरा किती वेळ ओला राहतो, ह्याचा विचार बांधकाम खात्याने करावा, असे आपण गृहीत धरतो. कोणी तक्रार केलीच तर तिला एक ठरलेले उत्तर मिळते : ‘आम्ही नाही का असेच शिकलो?’

हे उत्तर वरवर साधे दिसते. पण नीट उलगडून पाहिले तर त्यात तीन स्वतंत्र विधाने आढळतात. कष्ट सोसणे हा शिक्षणाचाच एक भाग आहे, हे पहिले. त्या कष्टांनी आमचे काही बिघडले नाही, हे दुसरे. आणि जे आम्हांस मिळाले नाही ते मागण्याचा तुम्हांस अधिकार नाही, हे तिसरे. पहिले विधान नीतीचे आहे, दुसरे वस्तुस्थितीचे आणि तिसरे न्यायाचे. म्हणजे ज्या तक्रारीला आपण क्षुल्लक समजून वाटेला लावतो, तिला उत्तर देताना आपण नकळत नीती, वस्तुस्थिती आणि न्याय ह्या तिन्हींविषयी निकाल देऊन मोकळे होतो. हे निकाल बरोबर आहेत की नाहीत, हे तपासून पाहणे एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम ‘उकडणे’ म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. आपण तापमापकाकडे बोट दाखवून इतके अंश उष्मा आहे असे म्हणतो. पण आपली भाषा तापमापकाहून अधिक चोखंदळ आहे. डोक्यावर पडते ते ऊन. तापलेल्या पत्र्यावरून किंवा भट्टीवरून अंगाला जाणवते ती धग. वाऱ्याबरोबर येते ती झळ. आणि हवा दमट असून वारा पडला की होतो तो उकाडा. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ज्येष्ठातील झळ ठाऊक असते, तिला तो तिकडच्या शब्दाने ‘लू’ म्हणतो. पणजी-मडगावच्या माणसाला झळ फारशी माहीत नसते, पण मे महिन्यातला उकाडा पुरेपूर माहीत असतो. तापमापकावर ग्वाल्हेर ४२ अंश सेल्सिअस दाखवील आणि पणजी ३३. म्हणून पणजीच्या मुलाला सुख आहे असे म्हणता येणार नाही. एक ग्रॅम घाम अंगावरून वाळून गेला म्हणजे तो शरीरातून सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो. पण तो वाळलाच नाही, नुसता ओघळला, तर काहीच नेत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही. उकाड्याचे दुःख ते हेच.

आपल्या भाषेने शब्दांत जे वेगळे केले, त्याचे गणित पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी गेल्या शतकात मांडले. डेन्मार्कमधील संशोधक पी. ओ. फँगर ह्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसाचे औष्णिक सुख सहा गोष्टींवर अवलंबून असते असे दाखविले : हवेचे तापमान, सभोवारच्या भिंती-छपरांतून येणारी धग, वाऱ्याचा वेग, हवेतील दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. ह्या सहांवरून एखाद्या खोलीतील माणसांचा सरासरी अभिप्राय काय असेल, हे सांगण्याचे सूत्रही त्यांनी दिले. त्या सूत्रातील एक निष्कर्ष मोठा मननीय आहे. सहाही गोष्टी उत्तमोत्तम जुळवून आणल्या तरी शंभरांतली निदान ५ माणसे असमाधानी राहतातच, असे तो सांगतो. सर्वांना सुख देणारी हवा असू शकत नाही; कारण देह सर्वांचे एकसारखे नाहीत. ह्या निष्कर्षाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

आता शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. मूल त्याहून काहीसे कमी. तरी चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे दोन-तीन विजेच्या शेगड्या पेटवून ठेवलेली खोलीच होय. वर पत्रा असेल तर दुपारी तो हाताला चटका बसण्याइतका तापतो आणि त्याची धग सरळ मुलांच्या डोक्यावर उतरते. भिंतीवर टांगलेल्या तापमापकाला तिचा पुरता पत्ता नसतो. खिडक्या रस्त्याच्या गोंगाटामुळे किंवा शेजारच्या वर्गाच्या घोकंपट्टीमुळे बंद. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर ह्यांनी १८५८ सालीच सांगून ठेवले होते की, माणसांच्या श्वासोच्छ्वासाने खोलीतील कर्बवायूचे प्रमाण दहा हजारांत दहा भागांवर गेले की ती हवा वाईट समजावी. कोंदट वर्ग ही मर्यादा सहज ओलांडतो.

परंतु मला ज्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे, ती ही नव्हे. ती अशी की, फँगरांनी सांगितलेल्या सहा गोष्टींपैकी एकही त्या मुलाच्या हाती नाही. हवेचे तापमान त्याच्या हाती नाही, हे उघडच आहे. छप्पर कौलांचे असावे की पत्र्याचे, हे दुसऱ्याने ठरविले. पंख्याचे बटण गुरुजींच्या परवानगीवाचून दाबता येत नाही आणि पंखा बहुधा गुरुजींच्या टेबलावर असतो. दमटपणा ऋतूचा. कपडे गणवेशाचे, कित्येक शाळांतून बूट, मोजे आणि गळ्यातील टायसह, वैशाखातसुद्धा. आणि शरीराची हालचाल? ‘हालू नका, नीट बसा’ हीच तर वर्गाची पहिली आज्ञा. तहान लागली तर पाणी पिण्यास हात वर करून विचारावे लागते. उन्हात काम करणारा शेतकरी ह्याहून कितीतरी अधिक ताप सोसतो. पण तो झाडाखाली जाऊन बसतो, मुंडासे सोडतो, काम सकाळी उरकून दुपारी आडवा होतो. त्याचे कष्ट मोठे खरे, पण त्यांतील काही दोर त्याच्या हातात असतात. मुलाच्या हातात एकही नसतो.

हा भेद केवळ भावनेचा नाही. फँगरांच्या सूत्रानंतर ह्या शास्त्रात जो मोठा वाद झाला, तो ह्याच मुद्द्याभोवती. बंद, वातानुकूलित खोलीत बसविलेल्या माणसांना जे तापमान असह्य वाटते, तेच खिडक्या उघडता येणाऱ्या घरातील माणसांना सुसह्य का वाटते, असा प्रश्न निकल व हम्फ्रीज ह्या इंग्रज संशोधकांनी १९७० नंतरच्या दशकात उभा केला. त्याचे उत्तर असे की, माणूस म्हणजे उष्णता मोजणारे यंत्र नव्हे. तो खिडकी उघडतो, सदऱ्याची गुंडी सोडतो, जागा बदलतो, आणि आपण हे करू शकतो ह्या जाणिवेनेच त्याची सहनशक्ती वाढते. भारतातही अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतील कार्यालयांची पाहणी करून २०१४ साली असेच अनुमान मांडले. जेथे खिडक्या उघड्या असतात तेथे बाहेरचे सरासरी तापमान १ अंशाने वाढले की माणसांना सुखकर वाटणारे तापमानही सुमारे अर्ध्या अंशाने वाढते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत हे तत्त्व स्वीकारले गेले. तात्पर्य, सुख हे केवळ अंशांत नसते. ते काही प्रमाणात स्वातंत्र्यात असते. ज्याला काही करता येते त्याला पुष्कळ सोसता येते. ज्याला काहीच करता येत नाही त्याला थोडेही जड जाते. वर्गातील मुलापासून आपण हे दुसरे सुख आधी काढून घेतो, आणि मग पहिले मागितले तर त्याला नाजूक म्हणतो.

येथे पहिल्या विधानाचा समाचार घेतला पाहिजे. कष्ट सोसणे हा शिक्षणाचा भाग आहे, ह्या म्हणण्यामागे फार मोठी परंपरा उभी आहे आणि तिची थट्टा करणे उचित नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत आणि उष्ण ही येणारी-जाणारी आहेत, ती सोस, असा उपदेश आहे. वेदान्ताने साधकाच्या सहा संपत्तींत तितिक्षेला स्थान दिले आहे. ‘तप’ हा शब्दच ‘ताप’ ह्या शब्दाचा सख्खा भाऊ. दोघांचा धातू एकच. विद्येला तपाची जोड दिल्यावाचून ती टिकत नाही, हे आपल्या घराघरांतून सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहे.

परंतु हा उपदेश कोणी कोणाला केला, हेही पाहावयास नको काय? गीतेतील उपदेश एका प्रौढ योद्ध्याला केलेला आहे. त्याने प्रश्न विचारला, उत्तर ऐकले, आणि शेवटी तुझ्या इच्छेप्रमाणे कर असे म्हणून निर्णय त्याच्याच हाती सोपविला गेला. साधकाची तितिक्षा ही त्याने स्वतः जोडावयाची संपत्ती आहे. दुसऱ्याने त्याच्यावर लादावयाचा दंड नव्हे. पंचाग्नी साधणारा तापस भोवती अग्नी आपल्या हातांनी पेटवितो, आणि तो विझविण्याची मोकळीकही त्याला असते. म्हणूनच त्याच्या तापाला आपण तप म्हणतो. इच्छेने पत्करलेला ताप तो तप. इच्छेवाचून वाट्यास आलेला तो नुसता ताप. दोहोंचा उष्मा तापमापकावर सारखाच दिसेल, पण नीतीच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आठ वर्षांच्या मुलाला पत्र्याखाली बसवून, त्याच्या ओठांवरचा घाम पाहून, ‘हे तुझे तप आहे’ असे म्हणणे म्हणजे त्याच्या असहायतेला सद्गुणाचे नाव देणे होय. ते नाव ठेवणारा पंख्याखाली बसलेला असेल तर अधिकच.

शिवाय परंपरेचीच साक्ष काढावयाची तर तीही एकपदरी नाही. वेदाध्ययनाइतके कठोर शिक्षण आपल्याकडे दुसरे झाले नसेल. पण धर्मसूत्रांनी आणि स्मृतींनी त्यालाही ‘अनध्याय’ सांगितला आहे. मेघगर्जना, विजा, धुळीची वावटळ अशा प्रसंगी पाठ थांबवावा, असा नियम आहे. त्या नियमामागील हेतू शरीरसुखाचा नव्हता, मुख्यतः पावित्र्याचा होता, हे मान्य केले पाहिजे. तरी एवढे खरे की, आकाशात काय चालले आहे त्याच्याशी पाठाचा काही संबंध नाही असे त्या लोकांनी मानले नाही. सर्व ऋतूंत, सर्व प्रहरी, एकाच वेळापत्रकाने बसलेच पाहिजे ही कल्पना प्राचीन नाही. ती घड्याळाची आणि कारखान्याच्या भोंग्याची आहे.

आता दुसरे विधान : त्या कष्टांनी आमचे काही बिघडले नाही. ह्याला आधार अगदीच नाही असे नव्हे. न्यूयॉर्क राज्याने १९१३ साली वायुवीजनाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याच्या कामात मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक ह्यांनी प्रौढांना उष्ण व कोंदट खोलीत बसवून बौद्धिक कामे करावयास दिली. माणसाने मन लावून, जिद्दीने काम केले तर थोड्या वेळात तरी त्या कामाची प्रत उष्म्याने खालावत नाही, असे त्यांस आढळले. ‘आम्ही नाही का शिकलो’ म्हणणाऱ्याला हा पुरावा अनुकूल आहे. परंतु प्रयोगशाळेत ठरावीक वेळ जिद्दीने बसलेला प्रौढ आणि वर्षाचे दोनशे दिवस वर्गात बसणारे मूल, ही एक नव्हेत. मुलांवरचे नंतरचे संशोधन वेगळे सांगते. डेन्मार्कमध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या वर्गातील तापमान २५ अंशांवरून २० अंशांच्या जवळ आणले, तेव्हा त्यांच्या नेहमीच्या गणित व भाषेच्या अभ्यासाचा वेग वाढला, असे वारगॉकी आणि वायन ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केले. २५ अंशांना आपण उष्मा म्हणणारही नाही, ही गोष्ट खरी. तेथल्या अंगांना सवय तेथल्या हवेची. म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करता येत नाहीत. परंतु उष्मा आणि अभ्यास ह्यांचा संबंध आहे, एवढे त्यांवरून निश्चित होते.

अमेरिकेतील सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षांवरून २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ह्याहून अधिक बोलका आहे. ज्या शाळांत हवा गार करण्याची सोय नाही, तेथे एखादे शालेय वर्ष १ अंश फॅरेनहाइटने अधिक उष्ण गेले, तर त्या वर्षी मुलांनी जे शिकावयाचे त्यातील सुमारे १ टक्का कमी होते. शनिवार-रविवारच्या आणि उन्हाळी सुटीच्या उष्म्याचा असा परिणाम दिसत नाही. शाळेच्या दिवसांच्या उष्म्याचाच दिसतो. आणि हे नुकसान सर्वांचे सारखे होत नाही. गरिबांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या मुलांचे सुमारे तिप्पट होते. भारतातील ग्रामीण मुलांच्या चाचण्यांवरून त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने आणखी एक वाट दाखविली : उष्म्याने पीक बुडते, घरातील मिळकत घटते आणि त्याचा फटका मुलाच्या वाचन-गणिताला बसतो, जेथे रोजगार हमीचे काम मिळाले तेथे हा फटका सौम्य झाला. म्हणजे गरिबाच्या मुलाला उष्मा दोन दारांनी गाठतो, शाळेच्या छतातून आणि घरच्या चुलीतून.

तेव्हा ‘आमचे काही बिघडले नाही’ ह्या विधानातला ‘आम्ही’ कोण, हे विचारणे प्राप्त आहे. जे त्या वर्गांतून बाहेर पडून आज बोलू शकतात, तेच ना? जो मुलगा चौथीत दुपारच्या तासाला पेंगत राहिला, मागे पडला, ‘ह्याच्या डोक्यात काही शिरत नाही’ असा शिक्का घेऊन शाळेबाहेर गेला, तो ह्या वादात साक्ष द्यावयास येत नाही. त्याच्या डोक्यात काय शिरत होते आणि डोक्यावर काय तळपत होते, ह्याची कोणी नोंद केली नाही. उष्म्याचा अपराध मुलाच्या बुद्धीच्या नावे खर्ची पडला. ह्या प्रश्नातील सर्वांत मोठा अन्याय मला हाच वाटतो. शरीराला झालेला त्रास सायंकाळी ओसरतो; पण आपण मंद आहोत ही समजूत जन्मभर राहते.

तिसरे विधान न्यायाचे : जे आम्हांस मिळाले नाही ते तुम्हांस मागण्याचा अधिकार नाही. हे तपासण्यासाठी मुले शाळेत मुळात येतात कशाने, ते पाहावे. महात्मा फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात तिचा प्रयोग केला आणि १९०६ साली सबंध संस्थानात ती लागू केली. मूल न पाठविणाऱ्या पालकाला तेथे दंडही होत असे. गोखल्यांनी १९११ साली तिच्यासाठी विधेयक आणले, ते पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ती अमलात आणली. अखेर २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक भारतीय मुलाचा तो हक्क झाला. ही परंपरा आपल्या अभिमानाची आहे, आणि ती सक्ती योग्यच होती ह्याविषयी मला शंका नाही.

परंतु सक्ती ही एकतर्फी असू शकत नाही. जो दुसऱ्याला एखाद्या ठिकाणी बसावयास लावतो, त्याच्यावर ते ठिकाण बसण्याजोगे ठेवण्याचे ऋण येते. पाहुणा आपण होऊन आला तर त्याला चटई मिळाली काय अन् गालिचा मिळाला काय, तो आपल्या मर्जीने उठून जाऊ शकतो. ज्याला आपण हात धरून आणून बसविले आणि दाराला कडी घातली, त्याच्या सुखदुःखाचा जाब आपल्याला द्यावाच लागतो. हे ऋण आपल्या कायद्याने कितपत ओळखले? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमात कामगारांसाठी पुरेशी खेळती हवा आणि बऱ्यापैकी सुख वाटेल असे तापमान राखावे, भिंती व छप्परे त्या बेताने बांधावीत, असे स्पष्ट सांगितले होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, प्रत्येक शिक्षकास एक वर्गखोली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि कुंपण सांगितले आहे. वर्गाच्या तापमानाविषयी त्यात शब्द नाही. इमारत सर्व ऋतूंत टिकावी हे आपण लिहिले. तिच्यात बसलेल्या मुलाला सर्व ऋतूंत बसता यावे हे लिहावयाचे राहून गेले. ज्या कामगाराला कायद्याने काम सोडण्याची मुभा होती त्याच्यासाठी तापमानाचे कलम होते. ज्या मुलाला शाळा सोडण्याची मुभा नाही त्याच्यासाठी ते नाही. आणि जी मापे ठरली तीही कोणाच्या अंगावरून? फँगरांच्या प्रयोगांत बहुतेक महाविद्यालयीन वयाची माणसे होती. सेप्टची पाहणी कार्यालयांतील होती. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांना सुखकर वाटणारे तापमान फँगरांच्या सूत्राने सांगितलेल्या तापमानाहून सुमारे ४ अंशांनी खाली आढळले. प्रौढाच्या मापाचा सदरा मुलाला घालून तो नीट बसत नाही म्हणून मुलालाच दोष देण्यासारखे हे झाले.

ह्यावर व्यवहारी माणूस म्हणेल की, लाखो वर्गखोल्यांना गार हवेची यंत्रे बसविणे ह्या देशाला परवडणार आहे काय? ही शंका रास्त आहे. माझे म्हणणे त्या यंत्रांविषयी नाही. किंबहुना यंत्र हे पहिले उत्तर समजण्यात एक नैतिक धोका आहे. ते यंत्र आतली उष्णता नाहीशी करीत नाही, बाहेर नेऊन टाकते; आणि बाहेर जो उभा असतो तो बहुधा फी न भरू शकणाऱ्याचा मुलगा असतो. काही शाळा गार आणि बाकीच्या तापलेल्या, अशी विभागणी झाली की परीक्षा मात्र दोघांची एकच, हे अन्यायाचे नवे रूप होईल.

ऋण फेडण्याची सुरुवात ह्याहून स्वस्त गोष्टींनी होते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून कोकण-गोव्याच्या कित्येक शाळा त्या कौलांखाली भरल्या. उंच उतरत्या छपरातील कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई. जाड चिऱ्यांच्या भिंती, पुढची पडवी, समोरासमोरच्या खिडक्या हे सर्व त्या हवामानाला दिलेले विचारपूर्वक उत्तर होते. त्या जागी आपण पत्रा आणि उघडी स्लॅब आणली, ती लवकर उभी राहते म्हणून. जे काढून टाकले त्याच्या जागी निदान छपराला पांढरा चुना, पत्र्याखाली बांबूची चटई, पश्चिमेच्या भिंतीशी झाडांची रांग, एवढे तरी देता येते. टाय आणि मोजे उन्हाळ्यापुरते उतरविण्यास तर काहीच खर्च नाही. उलट बचत आहे. वेळापत्रकाचेही तसेच. गोव्यात २०२५ साली सहावी व त्यापुढील वर्गांचे शैक्षणिक वर्ष जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू झाले, तेव्हा पालकांनी उष्म्याचा मुद्दा पुढे केला. अभ्यासाला अधिक दिवस हवेत ही निकड खरी असू शकते. पण दिवस मोजताना त्या दिवसांत शिकणे किती होते, हेही मोजावयास हवे. आणि झाडाखालचा वर्ग म्हणजे केवळ दारिद्र्याची खूण नव्हे. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली ती झाडांच्या सावलीत. बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला १९०४ साली अशक्त मुलांसाठी वनशाळा निघाली ती मोकळी हवा हेच औषध म्हणून.

तरीही ह्या सर्व सोयी करून झाल्यावर प्रश्न संपत नाही. येथे मघाच्या त्या पाचांकडे वळावे लागते. उत्तम हवेतही शंभरांतले पाच असमाधानी राहतात, असे गणितच सांगते. चाळिसांच्या वर्गात ते दोन होतात. एखादा तापातून उठलेला, एखादी उपाशीपोटी आलेली, एखादा नुसताच वेगळ्या प्रकृतीचा. बहुमताने ठरविलेली हवा ह्यांना कधीच पुरी पडणार नाही. त्यांना हवे ते तापमान देणे आपल्या हाती नाही; पण त्यांना बोलता येईल, उठून खिडकीशी बसता येईल, न विचारता पाणी पिता येईल, एवढी मोकळीक देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे आणि तिला दमडी लागत नाही. ती आपण देत नाही, ह्याचे कारण पैसा नव्हे. मूल शरीराने बोलू लागले की शिस्त मोडते, अशी आपल्याला भीती वाटते. वर्गातील उष्म्याचा प्रश्न शेवटी ह्या भीतीपाशी येऊन थांबतो.

ज्या मुलाला आपले शरीर काय म्हणते हे सांगण्याची परवानगी आहे, त्याला पुढे केव्हातरी एखादे तप स्वेच्छेने पत्करताही येईल. कारण पत्करणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक असेल. ज्याला फक्त सोसावयास शिकविले, तो एक तर जन्मभर सोसत राहील, नाही तर मोठा झाल्यावर दुसऱ्याला सोसावयास लावील आणि वर विचारील, ‘आम्ही नाही का असेच शिकलो?’ हे उत्तर एका पिढीकडून दुसरीकडे असेच आले आहे. ते कोणत्या पिढीने द्यावयाचे थांबवावे, हे त्या पिढीच्या मोठ्या माणसांनीच ठरवावयाचे असते. कारण वर्गात बसलेल्या मुलाला ते ठरविता येत नाही.